फोनचा कोट

३ मार्च, मंगळवार

दुकान आधुनिक झालं. सकाळी, चहाच्या आधी.

नवऱ्याने ताईला नवा फोन आणून दिला. ताईला. म्हणजे माझ्या नणंदेला – वन्संना. माझ्या फोनची काच गेल्या वर्षापासून तडकलेली आहे, पण ती माझी काच आहे, त्यामुळे घाई नाही. नव्या फोनला गिऱ्हाइकाने आपलं कार्ड टेकवलं की पैसे जमा. वेगळं यंत्र नको, वायर नको. फोन टिंग करतो आणि आतली बाई खणखणीत आवाजात सांगते – "रक्कम मिळाली!"

पडद्यावर अक्षरं येतात: स्पर्शविरहित व्यवहार.

वन्सं आणि मी एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून इतकी वर्षं हेच करतोय. आम्हाला कुणी ॲप दिलं नव्हतं.

४ मार्च, बुधवार

वन्सं दिवसभर फोनशी. मी दिवसभर काजं.

६ मार्च, शुक्रवार

लोकांना कार्ड टेकवता येत नाही. एकाने ते काचेवर ठेवलं आणि वाट बघत उभा राहिला. एकाने शिक्का मारावा तसं आपटलं. एकीने फोनच्या कडेवरून असं फिरवलं की जणू सुरीला धार लावते आहे. ते फोनच्या पाठीला टेकवायचं असतं. वन्सं फोनची पाठ पुढे धरतात, न्हाव्याने मागचा आरसा दाखवावा तशा.

"टेकवा हो. चावत नाही."

आकडा मात्र गिऱ्हाइकालाच टाकायला लावतात. "तुम्हीच टाका, माझा विश्वास आहे." विश्वास! ज्या बाई रोज संध्याकाळी माझ्या उशीतल्या टाचण्या मोजतात, त्यांचा!

एका मुलीने मनगटावरचं घड्याळच टेकवलं. टिंग. शेजारचा घड्याळवाला दारात उभा होता. त्याचं सगळं आयुष्य घड्याळं उघडण्यात गेलं.

"घड्याळाने पैसे द्यायचे, तर मग वेळ कशात बघायची?"

"फोनमध्ये," वन्सं म्हणाल्या.

चहा न घेताच गेला.

९ मार्च, सोमवार

शिंपिणीच्या हातात नवी वस्तू द्यावी आणि तिने तिला कपडे शिवू नयेत, असं व्हायचं नाही. मागच्या एका कोटाचं काळं कापड उरलं होतं. वन्संनी फोनला कोट शिवला. आतून अस्तर, वरून तोंड उघडं, फोन त्यात सरकवायचा. कापडातूनही टिंग होतं हे कळल्यावर तर त्या तो बाहेर काढेनाशाच झाल्या.

तरीही कापड उरलं. मग खडूच्या डबीलाही तसाच कोट. ही डबी चपटी, पत्र्याची, मापाने फोनएवढी. कापडावर खुणा करायचे खडू तिच्यात असतात. आता टेबलावर दोघी शेजारी शेजारी झोपतात, जुळ्या बहिणींसारख्या. नवरा म्हणाला, "ताईचा हात बघ अजून!"

बघतेय. रोज. डोळ्यांत तेल घालून.

१० मार्च, मंगळवार

वन्संना दुकानात अंधार वाटतो. नवऱ्याने टेबलावरचा बल्ब बदलला. गेल्या महिन्यातही बदलला होता. घरात माझ्या स्वयंपाकघरातला गेलाय, हे मी सांगून ठेवलंय.

१२ मार्च, गुरुवार

आज एका गिऱ्हाइकाने आकड्यात एक शून्य जास्त टाकलं. वन्सं आपल्या हसतमुख: "झालं? या!" तो फाटकापर्यंत पोचला आणि त्याच्या फोनवर बँकेचा निरोप आला. परत धावत. तोंडाला फेस. एका विजारीच्या पायपट्टीला त्याने विजारींचं दुकान घेता येईल इतके पैसे दिले होते. परत करता करता नवऱ्याला संध्याकाळ झाली.

नवा नियम निघाला. आकडा मी टाकायचा, फोन कोटात घालून टेबलावर ठेवायचा. तो उचलून गिऱ्हाइकापुढे धरायचा मान वन्संचा. देवळातल्या घंटेसारखं आहे – घासायची मी, वाजवायची त्यांनी.

आवाज शेवटच्या टोकाला चढवून ठेवलाय. "रक्कम मिळाली!" चौकापर्यंत जातं. मी म्हटलं, वन्सं, जरा कमी करू? म्हणाल्या, "राहू दे. लोकांना कळू दे आपलं चाललंय." मला वाटत होतं की आपण शिवणाचं दुकान चालवतो. लिलाव चालवतो.

मापं घ्यायचीही तऱ्हा बदलली. पूर्वी त्या माप घ्यायच्या, आकडा बोलायच्या, मी लिहायचे. आता टेप त्या धरतात आणि मला म्हणतात, "वाच." वाचते. लिहितेही मीच. बढती मिळाली असावी, पगार वाटेत असेल.

१६ मार्च, सोमवार

वकीलबाई आल्या. कोर्टात घालायचा काळा कोट हवाय. कापड स्वतः आणलं – लोकरीचं, हातातून पाण्यासारखं निसटणारं. तसलं कापड पुन्हा मिळायचं नाही, त्यांनीच बजावलं. "चुकलं तर दावा लावीन हं," म्हणाल्या आणि एकट्याच हसल्या.

रात्री पडल्या पडल्या त्या कापडाचाच विचार. इथे लिहायला हरकत नाही, इथे वन्सं येत नाहीत: मला ते कापायचंय.

दुकानात कात्री वन्संची, मशीन माझं. सासऱ्यांनी कात्री लेकीला दिली. मी सून, मला मशीन. कापड कापणारा दुकान चालवतो, शिवणारा नुसता शिवतो. खांदा कुठे उतरेल, कंबर कुठे बसेल, हे कापतानाच ठरतं. मी नंतर त्या ठरलेल्याच्या कडेकडेने टाके घालत जाते. एकदा ती कात्री मी नुसती सरकवली तर म्हणाल्या, "धार जाते." सरकवून!

१९ मार्च, गुरुवार

वकीलबाईंचं कापड तसंच पडलंय. वन्सं त्यावरून हात फिरवतात, घडी उलगडतात, घडी घालतात. खडू घेतात, ठेवतात. कुणी आलं की जिवात जीव आल्यासारख्या फोनकडे वळतात – "टेकवा!" एका फोनने बाई पार बिघडवली.

मी विचारलं, "वन्सं, कोट कधी?"

"प्रकाश नीट येऊ दे."

नवऱ्याने पुन्हा बल्ब बदलला. आता दुकानात डोळे दिपतात. स्वयंपाकघरात मी अजून चाचपडत फोडणी करते.

आणखी एक. हल्ली माझ्याशी बोलताना त्या सरळ बघत नाहीत. मान वळवून, कडेने, तिरकं. कोंबडी बघते तसं. मी काय केलंय?

२० मार्च, शुक्रवार

जिंकले!

दुपारी वन्संनी दुकानाचं दार लोटून घेतलं. कापड टेबलावर पसरलं. कात्री उचलली, मुठीकडची बाजू माझ्याकडे केली.

"तू काप."

मला वाटलं, थट्टा. मग वाटलं, सापळा – मी चुकणार, मग आयुष्यभर ऐकणार. म्हटलं, "हे? हे कापड?"

"हेच. दुसरं कापून काय शिकणार आहेस?"

"आणि चुकले तर?"

"तर वकीलबाई आहेतच."

कात्री अपेक्षेपेक्षा जड निघाली. वन्सं समोर उभ्या राहिल्या, पण कापडाकडे बघत नव्हत्या. बाजूला कुठेतरी. मान किंचित कलती. एकदाच म्हणाल्या, "थांब. पातं अडखळलं. खालचा पदर सरकलाय." वाकून पाहिलं. सरकला होता. कसं कळलं विचारलं नाही. इतक्या वर्षांची कात्री, तिच्याशी बोलत असेल.

पूर्ण कापलं. खांदा उतरला. माझा खांदा!

कात्री त्यांनी परत मागितली नाही. मीही दिली नाही. माझ्या बाजूला ठेवली. धार गेली नाही.

२१ मार्च, शनिवार

नवरा म्हणाला, "ताईने स्वतःहून दिली?" आवाजात असं काही, की मी हिसकावलीच असणार.

२५ मार्च, बुधवार

कोट झाला. शेवटची इस्त्री केली, दोरे तोडले. दोरे तोडण्याचा माझा हात चांगला चालला होता, तेवढ्यात फोनच्या कोटाकडे लक्ष गेलं. कोपऱ्यात गाठ! दाण्याएवढी, काळ्यावर काळी, सरळ बाहेर आलेली. खुद्द वन्संनी शिवलेल्या वस्तूला बाहेर गाठ! मी एक गाठ आत ठेवली तर अख्खी शिवण उसवायला लावणाऱ्या वन्सं!

डबीच्या कोटालाही आहे का, ते पाहिलं. नव्हती. म्हणजे घाईत राहिली असणार.

छाटली. फार बरं वाटलं. बोलले मात्र नाही. आता मीही कात्रीवाली आहे, मन मोठं ठेवलं पाहिजे.

२६ मार्च, गुरुवार

वकीलबाई कोट न्यायला आल्या. घातला, आरशापुढे वळल्या, हात वर करून पाहिले. "खांदे काय बसलेत! तुमच्या हाताला तोड नाही," वन्संना म्हणाल्या.

वन्संनी माझ्या दिशेने बोट केलं. "हिने कापला."

मला काय करावं कळेना. आकडा टाकला, फोन कोटात घातला, टेबलावर ठेवला आणि बॉबिन भरत बसले. भरलेलीच होती.

वन्संनी टेबलावर हात फिरवला. एकीवर अंगठा ठेवला, मग दुसरीवर. पुन्हा पहिलीवर. मग एक उचलली आणि पुढे धरली. "टेकवा."

वकीलबाईंनी कार्ड टेकवलं.

खडूच्या डबीला.

आम्ही तिघी वाट बघत राहिलो. वकीलबाई डबीकडे बघत होत्या. मी वन्संकडे. वन्सं कशाकडेच बघत नव्हत्या. मान कलती करून त्या ऐकत होत्या. नुसत्या ऐकत होत्या. चेहऱ्यावर ते हसू तसंच, फक्त कडेने सुटत चाललेलं.

मी तोंडाने टिंग केलं.

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. त्यांनी कार्ड पर्समध्ये ठेवलं.

"झालं? या," वन्सं म्हणाल्या.

मी फोन पदराआड घेतला. "जास्तीचं बटण राहिलं," म्हणत मागे धावले. घड्याळवाल्याच्या दारापाशी गाठलं. वकीलबाईंनी कार्ड पुन्हा काढून टेकवलं. आणि फोनमधल्या त्या बयेने – आवाज शेवटच्या टोकाला! – सगळ्या रस्त्याला सांगितलं: "रक्कम मिळाली!"

घड्याळवाल्याने भिंग काढून पाहिलं. वकीलबाई हळूच म्हणाल्या, "मला साक्षीला बोलवू नका."

आत आले. वन्सं डबी हातात धरून स्टुलावर बसल्या होत्या.

"एका कोटाचे दोनदा मिळाले वाटतं."

मी फोन टेबलावर ठेवला.

"इथे गाठ होती," म्हणाल्या. "फोनला. डबीला नव्हती."

"मी छाटली."

"छाटणारच. शिकवलंय कुणी?"

मग मी विचारलं, कधीपासून. म्हणाल्या, "मधलं जातं. कडेचं राहतं. तुझं तोंड बघायचं तर तुझ्या कानाकडे बघावं लागतं." डॉक्टरांनी सांगितलंय, मधलं परत यायचं नाही.

"ह्यांना सांगितलंत?"

"त्याला? तो बल्ब बदलतो."

आम्ही दोघी हसलो. आधी त्या. मग मला ते जमेना.

कात्री उचलून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चाचपली, ओळखली, परत माझ्याकडे सरकवली. सरकवली! धारेचं काही बोलल्या नाहीत.

२७ मार्च, शुक्रवार

फोनच्या कोटाला गाठ परत घातली. आधी लाल दोरा घेतला होता. ठेवून दिला. जाड घेतला.

वन्संनी अंगठा फिरवला.

"वाकडी आहे," म्हणाल्या.