मौनव्रत नव्हे, डावा गाल

३ नोव्हेंबर, सोमवार

दात काढून बसले. चांगला धडधाकट दात! आणि दुखणं होतं तिथेच.

आज पुण्याच्या डॉक्टर राहिल यांनी एका वाक्यात निकाल लावला – दाताचा काही संबंध नाही, चेहऱ्याची नस आहे. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. नाव मोठं ऐटदार! घास चावला की डाव्या गालात वीज. वारा लागला की वीज. आणि बोललं की हमखास. कधी महिनाभर गप्प बसेल, कधी दिवसभर छळेल, पण राहणार माझ्याकडेच.

'गोळी हळूहळू वाढवू. तोवर कमी बोला. आणि रिलॅक्सेशन करा.'

कमी बोला! तिकिटाच्या खिडकीतून अख्ख्या दौंड स्टेशनाला वळण लावलं ती मी. रिलॅक्सेशन म्हणे!

५ नोव्हेंबर

गोळी घेतली की जमीन सरकते. भिंत धरून न्हाणीघर गाठलं.

डॉक्टरांनी मोबाइलवर रेकॉर्डिंग पाठवलंय. एक बाई तुपात घोळवलेल्या आवाजात सांगते – जबडा सैल सोडा... जीभ खाली टेकू द्या... तुम्ही समुद्रकिनारी आहात. मी दौंडला आहे, बाई! मागच्या प्लॉटवर बोअर मारताहेत!

बंद केलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

भांड्याला येणाऱ्या चांगुणाने गल्लीभर केलं – 'आमच्या बाईंनी मौन धरलंय.' झालं. दुपारी शेजारच्या तुळजाबाई नारळ घेऊन दारात!

राहू गावची ऊसवाली मंडळी. इथे बंगला बांधून राहायला आली तेव्हापासून यांच्या घरात माझं नाव 'खिडकीवाली कजाग'. मला ठाऊक आहे, भिंती काही इतक्या जाड नाहीत. आज त्याच तुळजाबाई पाया पडल्या. मी पाटी घेऊन लिहिलं – मौन नाही. आजार आहे. सुनेने वाचून दाखवलं, तर सासूबाई गहिवरल्या.

'बघ गं. खरी व्रताची माणसं कबूल करत न्हाईत.'

शाळेत सिस्टर अॅग्नेस मला बडबडीबद्दल ओठांवर बोट ठेवून व्हरांड्यात उभं करायच्या. तासन् तास गप्प उभी असायचे. तेव्हा कुणी नारळ आणला नाही.

११ नोव्हेंबर

आज जे झालं त्याने अंगाचा तिळपापड झालाय.

तुळजाबाई पुन्हा आल्या, सुनेला घेऊन. सुलक्षणा तिचं नाव. शिरूरच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, शांत, सरळ मान करून बसणारी पोर. तिला कुरकुंभच्या एका औषध कंपनीत, लॅबमध्ये नोकरी लागली आहे. एक डिसेंबरला हजर व्हायचंय, नाहीतर जागा दुसऱ्याला. नवरा विश्वजीत तयार आहे. पण त्या घरात तुळजाबाईंच्या शब्दाबाहेर कुणी पाणी पीत नाही.

'बाई, हिला धाडू का नको? तुमी निस्ती मान हलवा. तुमी सांगाल तसं.'

मी पाटीकडे हात केला. चांगुणाने तेवढ्यात पंखा लावला – पाहुण्यांसाठी! गालावर वारा आला आणि वीज कडाडली. मान झटकली गेली, इकडून तिकडे. डोळ्यांत पाणी.

'न्हाई म्हणाल्या,' तुळजाबाई उठल्याच. 'तुझ्यापायी डोळे भरून आले बघ त्यांचे.'

सुलक्षणाने पर्सची चेन लावली. आत कंपनीचं पत्र होतं.

मी पाटीवर हातभर अक्षरांत लिहिलं – जाऊ द्या!! पाटी नाचवत दारापर्यंत गेले. तुळजाबाई ढिम्म.

'लिवायचं काय, कोन बी लिवतंय. मान हलली ती आतनं हलली.'

आतून! हो ना – गालाच्या आतून!

१२ नोव्हेंबर

ठरलं. तोंडाने सांगायचं. पडू दे वीज.

१६ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टरांनी गोळी वाढवली. घेरी येते, पण झटके विरळ झालेत.

रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. नाइलाज! श्वास नाकाने आत, मग लांब बाहेर. जबडा सैल. समुद्र काही जमत नाही. दर लाटेला खारा वारा गालावर येतो. त्याऐवजी माझी बंद खिडकी आणली डोळ्यांसमोर. बाहेर ही लांब रांग, आत मी आणि गरम चहा, आणि काचेवर पाटी – 'पुढील खिडकीवर जावे'. खांदे आपोआप खाली आले. दाढा सुटल्या.

डॉक्टरांना सांगणार नाही. उगाच फुशारतील.

२० नोव्हेंबर

गोळी मुरायला वेळ दिला. श्वास झाले. गालाला मफलर गुंडाळून शेजारी गेले. तुळजाबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या, सुलक्षणा जवळच.

'तुळजाबाई, ते मौन नव्हतं,' मी म्हणाले. 'माझी नस दुखते. पोरीला नोकरीला–'

पुढचा शब्द विजेने खाल्ला. ओट्याच्या पायरीवर बसले ती गाल धरून, आवाजही फुटेना. सुलक्षणा धावत आली. पाणी नाही, चोळाचोळ नाही – नुसती वाऱ्याच्या बाजूला आडवी उभी राहिली. या गल्लीत एवढी अक्कल आहे कुणाला?

झटका ओसरल्यावर मी वाक्य पुरं केलं. जाऊ द्या! तुळजाबाईंनी सूप खाली ठेवलं.

'बोललात व्हय? सुटलं मग मौन. आता तुमी बी आमच्यासारख्याच.' आणि सुपात बघत, 'शिकल्याली शिकल्यालीचीच बाजू घेनार. त्यात काय नवं!'

म्हणजे माझ्या झटक्याला किंमत, माझ्या वाक्याला नाही. एवढं शिकले, एवढी वर्षं सरकारी खुर्चीत बसले, आणि माझं वजन किती, तर एका पंख्याच्या झुळकेइतकं!

२१ नोव्हेंबर

संताप. दुसरं काही नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

गाल शांत आहे. चार घास डाव्या बाजूने चावले. आरशासमोर उभी राहून मोठ्याने इंग्रजी कविता म्हटली – काही नाही! डॉक्टर फोनवर म्हणाले, 'छान. रक्तातलं सोडियम तपासून घ्या, श्वास चालू ठेवा, आणि आता बिनधास्त बोला.'

चांगुणाने दुपारी बातमी आणली. तुळजाबाई घाबरल्या आहेत. मौन मोडलं म्हणून बाईंना देवाने जागेवर शिक्षा केली, आपल्या डोळ्यांनी पाहिली, आणि पाप आपल्या ओट्यावर घडलं – असं सगळ्यांना सांगत सुटल्यात. देवाला दुसरी कामं नाहीत!

'इचारत्यात, बाई परत मौन धरनार हायेत का?'

चांगुणाची चांगली खरडपट्टी काढायला तोंड उघडलं होतं.

तसंच मिटलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

तुळजाबाई आल्या. सुलक्षणाला पुढे करून म्हणाल्या, 'चुकलं आमचं. हिचं काय करू, एकदा सांगा.' आज मला तासभर बोलता आलं असतं, गाल हूं की चूं करत नव्हता. मी ओठ घट्ट मिटले, डोळे अर्धे मिटले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हलवली – या वेळी वरून खाली.