पंचवीसपैकी पंचवीस दोषी

४ मार्च
विभागप्रमुखाची जागा परीक्षेने भरणार. पेपर १ एप्रिलला. तर्कबुद्धीचे पंचवीस प्रश्न. वर एक तत्त्व, खाली एक प्रसंग; तत्त्व लावून निकाल द्यायचा. पास व्हायला पंधरा गुण. या विमा कार्यालयात एकोणतीस वर्षं मी दुसरं काय केलं? नियमावर बोट ठेवून लोकांचे क्लेम नाकारले. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. जागा माझीच. अर्ज दोनच आले आहेत, माझा आणि शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टचा. तिने का भरला ते तिलाच ठाऊक.
संकल्प: रोज पहाटे पाच ते सात अभ्यास.

५ मार्च, सकाळी पावणेआठ
आत्ता उठले. झोप पुरी झाल्याशिवाय तर्क चालत नाही.

७ मार्च
प्रश्न पहिला. तत्त्व: दुसऱ्याची वस्तू न विचारता नेऊन जो मोडतो, त्याने ती भरून द्यावी. प्रसंग: शेजाऱ्याने विचारून छत्री नेली, ती वाऱ्याने मोडली. भरून द्यावी का? मी लिहिलं, अर्थात. पुस्तक म्हणतं, विचारून नेली, सबब हे तत्त्व इथे लागूच होत नाही. म्हणजे शेजारी मोकळा! छत्री उघडताना वारा बघायला नको?
अख्खा संच सोडवला. पंचवीसपैकी पंचवीस जण दोषी ठरवले. पुस्तकाने सतरा सोडून दिले. गुण आठ. पुस्तक फार मऊ आहे.

११ मार्च
आजचा संच ह्यांना तपासायला दिला. गुण सात. हे म्हणाले, "अगं, तत्त्वात आहे तेवढंच बघ. माणूस कसा आहे हे तुला कुणी विचारलंय?" ज्यांना आजवर एक प्लंबर पारखता आला नाही, ते मला शिकवणार. उद्यापासून तपासणी माझी मीच करीन.

१२ मार्च
गुण एकोणीस. बारा प्रश्नांची उत्तरं छापतानाच चुकली आहेत, ती धरून. प्रकाशकाला कडक पत्र टाकलं.

१६ मार्च
जेवणाच्या सुट्टीत टायपिस्टने माझा संच मागितला. डबा खाता खाता सोडवला. गुण तेवीस. मी म्हटलं, मागची उत्तरं बघितलीस. तर म्हणते, "मॅडम, ती पानं तर तुम्ही फाडून पर्समध्ये ठेवलीत." उद्धट.
तिची आई इस्पितळात आहे. विभागप्रमुखाच्या आईवडिलांचा इलाज कार्यालयाच्या योजनेतून होतो, म्हणून तिला ही जागा हवी. असली माहिती तत्त्व लावताना धरायची नसते. मला जमायला लागलंय.

२१ मार्च
प्रकाशकाचं उत्तर आलं. पुस्तकातली उत्तरं बरोबर आहेत म्हणे. सोबत लहान मुलांसाठीचं कोड्यांचं पुस्तक भेट पाठवलंय. वेळ नव्हता, नऊच पानं वाचली. सहाव्या पानावरचा ससा दोषी आहे.

२४ मार्च
परिपत्रक निघालं. महिन्यात ज्याचे तीन लेटमार्क, त्याला परीक्षेला बसता येणार नाही. मस्टर माझ्या ताब्यात असतं. टायपिस्टचे दोन झालेत. सहज पाहिलं.

२७ मार्च
टायपिस्ट दहा वाजून चार मिनिटांनी आली. इस्पितळातूनच, कालच्याच कपड्यांत. "मॅडम, चारच मिनिटं हो. एवढ्या वेळेला सोडा. आईला सांगून आलेय, परीक्षा देते म्हणून." मी तत्त्व पुन्हा वाचलं. त्यात मिनिटं नाहीत, आई नाही. लाल खूण केली. मनात माझ्या काही नव्हतं. ती जागेवर गेली आणि माझंच पत्र टाइप करायला बसली. एकही चूक नाही.
घरी ह्यांना सांगितलं. हे ताट उचलून आत गेले. म्हणजे पटलं.

१ एप्रिल
पेपर दिला. हॉलमध्ये मी एकटीच. फार सोपा. एकालाही सोडलं नाही.

८ एप्रिल
टायपिस्ट तीन दिवस गैरहजर. तीन लाल खुणा.
निकाल लागला. पंचवीसपैकी सहा. एकच उमेदवार, तीही नापास. तपासणारा मवाळ असणार. साहेबांना म्हटलं, निदान तात्पुरता चार्ज द्या. त्यांनी नियम वाचून दाखवला: या परीक्षेत नापास झालेल्याला चार्ज देता येत नाही. मग टायपिस्टलाही नाही, मी म्हटलं. साहेब म्हणाले, "मॅडम, ती बसलीच नाही. मग नापास कशी होईल?" तीन वेळा विचार केला. चूक सापडली नाही.

१२ एप्रिल
चार्ज टायपिस्टकडे, टायपिंग माझ्याकडे. तिने पहिलं पत्र सांगितलं, मी दोन बोटांनी टाइप केलं. मजकूर असा: योजनेत माझ्या आईचं नाव घालण्याची आता गरज नाही, ती पाच तारखेला वारली. दोन ओळी, सात चुका. तिने कागद वाचला. मला उठवून माझ्या खुर्चीत बसली आणि पहिल्यापासून स्वतः टाइप केलं. मी बाजूला उभी. बसा असंही म्हणाली नाही.
चार्ज मिळून दोन दिवस झाले नाहीत, तर डोक्यात हवा गेली.