तीस यार्डांवरची कागदी ताटली

८ सप्टेंबर १९८४, शनिवार

पाचवा बाण पुन्हा डावीकडे. बाकीचे सरळ जातात, हाच का फिरतो? प्रत्येक बाणावर काळ्या पेनने आकडा घातला आहे, नाहीतर दोष बाणाचा की माझा हे कळणारच नाही. अर्लकाका आकडे बघून म्हणाले, "रँग, तू शिकारी आहेस की बँकेतला क्लार्क?"

श्रीरंग त्यांना म्हणता येत नाही. मलाही सत्तरीच्या माणसाला नुसतं अर्ल म्हणायला जड जातं. तोंडावर अर्ल, या वहीत अर्लकाका.

ते शेजारी राहतात, एकटेच. खांदा निकामी झाल्यावर त्यांनी धनुष्य सोडून क्रॉसबो घेतला. बंदुकीसारखा दस्ता, पुढे आडवं धनुष्य. दोरी ओढून अडकवायची, पन्हळीत बाण ठेवायचा, घोडा दाबायचा. त्यांच्याकडे दोन आहेत, जुना मला वापरायला दिला आहे. त्यांच्या मागच्या अंगणात गवताच्या गाठी रचल्या आहेत, तिथे आमचा सराव चालतो.

आज त्यांनी अट सांगितली. हरणाचा हंगाम सहा ऑक्टोबरला उघडतो. आदल्या संध्याकाळी तीस यार्डांवर एक कागदी ताटली लावणार. तीनपैकी तीन बाण ताटलीत गेले तर मी त्यांच्याबरोबर हॉकिंगच्या जंगलात. दोन गेले तर नाही. "हरणाला जखमी करून सोडणाऱ्याच्या शेजारी मी बसत नाही."

या देशात ताई-दाजींकडे येऊन दोन वर्षं होत आली. मला कोणी 'चल' म्हटलं ते हे पहिल्यांदा.

११ सप्टेंबर

पाचवा बाण वाकडा निघाला. ताईच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या टेबलावर सगळे घरंगळवून पाहिले. बाकीचे गुळगुळीत गेले, हा मात्र टकटक करत गेला. डोळ्याला दिसत नाही इतका बाक आहे. बाजूला काढला.

ताई स्वयंपाकघरातून, "श्री, काचेवर काय चाललंय? चरे पडतील."

दाजी ऑफिसमधून आले, उभे राहिले, बघितलं आणि वर निघून गेले. माझ्याशी त्यांचं बोलणं दोनच गोष्टींवर — क्लासला गेलास का, आणि गॅरेजचा दिवा घालवलास का.

१६ सप्टेंबर, रविवार

बाण वजनाला सारखे हवेत. जड बाण तेवढ्याच ताणाने खाली पडतो. दाजींच्या टेबलावर पत्रं तोलायचा छोटा काटा आहे, तो न विचारता घेतला. एका बाणाचं टोक जड होतं, ते अर्लकाकांनी बदलून दिलं. काटा जागेवर ठेवला, पण तोंड उलट्या बाजूला राहिलं असावं. जेवताना दाजी म्हणाले, "माझा काटा कोणी हलवला?"

मी घेतला म्हणालो.

"विचारायचं."

बस्स.

२० सप्टेंबर

रात्री हरणं येऊन ताईची सगळी मेथी खाऊन गेली. बी तिने आयसेलिनच्या देशी दुकानातून मागवलं होतं. सकाळी वाफ्यात उभी राहून म्हणते, "मार रे बाबा एखादं." मग लगेच, "पण माझ्या स्वयंपाकघरात आणायचं नाही हां. आणि ते यंत्र पण घरात नको. गॅरेजमध्येच."

विनय नाक मुरडून म्हणाला, "ग्रोस, मामा." आठ वर्षांचा आहे. मी मराठीत विचारतो, तो इंग्रजीत उत्तर देतो. तरी या घरात माझ्याशी सगळ्यात जास्त तोच बोलतो.

मग दाजी, "बारावीसारखा इथला क्लास पण अर्धवट सोडू नको."

बारावीला दोनदा नापास झालो हे खरं आहे. अर्धवट सोडली नव्हती. हे त्यांना सांगायला हवं होतं. आता इथे लिहितो आहे.

२३ सप्टेंबर, रविवार

आज मोठी गोष्ट कळली! दोरी ओढताना माझा उजवा हात जास्त जोर लावतो. दोरी एका बाजूला केसभर सरकून अडकते आणि बाण दुसऱ्या बाजूला जातो. मी नेमाची पिन सरकवत बसलो होतो आणि चूक माझ्या हातात होती.

उपाय अर्लकाकांनी दाखवला. दोरी सैल असताना पन्हळीच्या दोन्ही कडांना लागून तिच्यावर पेनने खुणा करायच्या. ओढल्यावर दोन्ही खुणा दोन्ही कडांशी बरोबर आल्या पाहिजेत. नाही आल्या तर बाण लावायचाच नाही. संध्याकाळपर्यंत सगळे बाण माझ्या तळहाताएवढ्या जागेत.

अर्लकाका आत जाऊन दोन कोक घेऊन आले. एक मला दिला. पायरीवर बसून प्यालो. त्यांची बायको गेल्यापासून त्या पायरीवर दुसरं कोणी बसलं नव्हतं म्हणे.

२९ सप्टेंबर, शनिवार

शिकारीची पाती लावली आणि सगळं बिघडलं. सरावाचं टोक गोल असतं, पातं वारा धरतं. पाती वळवून मागच्या पिसांच्या रेषेत आणली. मग सुधारलं. तीनातले तीन. पुढच्या वेळी तीनातले दोन. मग तीन. मग दोन.

दोन म्हणजे नाही.

मी काम करतो त्या दुकानात, मालाच्या खोलीत खोकी उचलताना पण मी श्वास अर्धा सोडून थांबतो, घोडा दाबताना थांबतात तसा. सुपरवायझरने विचारलं, दम लागतो का तुला?

२ ऑक्टोबर, मंगळवार

तीन. तीन. तीन.

आता हात लावायचा नाही. दोरीला मेण लावलं, पन्हळ कापडाने पुसली, पात्यांवर डबी बसवली. क्रॉसबो जुन्या चादरीत गुंडाळून गॅरेजमध्ये फळीवर ठेवला. शुक्रवारी संध्याकाळीच उघडणार. जास्त हाताळलं की बिघडतं.

४ ऑक्टोबर, दसरा

काल खंडेनवमीला ताईने गाडीची, शिवणयंत्राची, सुऱ्यांची पूजा केली. दाजींचा कॅल्क्युलेटर आणि हत्यारांची पेटी पाटावर मांडली होती. विनयने त्याचा व्हिडिओ गेम आणून ठेवला, त्यालाही कुंकू लागलं. माझा क्रॉसबो नाही. अपेक्षा नव्हती. थोडी होती.

आज सोन्याला लोक आले. आपट्याची पानं कुठली, विनयने मेपलची पिवळी पानं गोळा केली होती, तीच वाटली. लोक यायच्या आधी दाजी म्हणाले, "ते चादरीतलं जरा मागे सरकव. सगळे गॅरेजमधूनच येतात."

उल्हासकाका म्हणून कोणी डॉक्टर होते. मला विचारलं, काय करतोस? मी तोंड उघडायच्या आत दाजी म्हणाले, "कॉलेजची तयारी चाललीय."

"अरे वा, कुठलं कॉलेज?"

"बघतोय अजून," दाजीच म्हणाले.

मी पाणी आणायला आत गेलो आणि आतच राहिलो. त्यांना माझी लाज वाटते. मला परत पाठवता आलं असतं तर त्यांनी कधीच पाठवलं असतं. ताईसाठी गप्प आहेत. उद्या ताटली, परवा जंगल. एक दिवस तरी कोणाच्या नजरेत येणार नाही.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

तिन्ही वरून गेले. एकही लागला नाही.

ताटलीच्या वर वीतभर, तिन्ही एकाच जागी. खुणा जुळल्या होत्या. श्वास बरोबर होता. अर्लकाकांनी बाण उपटून आणले, माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी, बेटा." त्यांनाही वाईट वाटलं होतं. ते बघवलं नाही.

६ ऑक्टोबर, शनिवार

अंधारातच अर्लकाकांचा पिकअप ट्रक सुरू झाला. थोडा वेळ उभा राहिला होता. मग गेला.

७ ऑक्टोबर, रविवार

क्रॉसबो परत करायचा म्हणून साफ करायला घेतला. पन्हळीवरून बोट फिरवलं तर तोंडाशी काहीतरी टोचलं. घट्ट चिकटलेलं. नखाने काढलं.

तांदळाचा दाणा. कुंकू लागलेला.

अक्षता! पन्हळीच्या तोंडाशीच. बाणाचं टोक त्यामुळे जरासं उचललं गेलं, आणि तीस यार्डांवर ते जरासं वीतभर होतं. तिन्ही एकाच जागी का गेले ते कळलं. मी नीट मारत होतो.

दाणा तळहातावर घेऊन ताईकडे गेलो. माझा आवाज चढला होता. म्हटलं, पूजा करायची होती तर सांगून करायची, माझी सगळी मेहनत गेली. ताई म्हणाली, "मी नाही रे. मी त्या वस्तूला हात तरी लावेन का?"

विनय सोफ्यावरून, "बाबा डिड इट." मग तोंडावर हात ठेवला. सांगायचं नाही असं ठरलं होतं.

ताईने गॅस बंद केला आणि खाली बसली. मग म्हणाली, "मला वाटलं गाडीला हार घालायला गेलेत. ताम्हन घेऊन पहाटेच गॅरेजमध्ये गेले होते. दरवर्षी कुरकुरतात, पूजा कसली, स्क्रूड्रायव्हरची. यंदा आदल्या रात्री म्हणाले, घरात खरं शस्त्र आलंय. मी म्हटलं, मग श्रीला बोलवा. तर म्हणे, नको, त्याला वाटेल आपण परवानगी दिली. मला वाटलं, विषय संपला."

कुंकू पुसूनही ठेवलं होतं त्यांनी, मला कळू नये म्हणून. एक दाणा तेवढा राहिला. चादर पुन्हा माझ्यासारखीच गुंडाळली होती, घडीवर घडी. मला शंकाही आली नाही.

दाजी बाहेर दाताळ्याने पानं ओढत होते. मी खिडकीतून बराच वेळ बघितलं.

८ ऑक्टोबर

अर्लकाकांना सांगितलं. ते रिकाम्या हाताने परतले आहेत. दाणा हातात घेऊन चष्म्याखालून बघितला.

"कोणी? तुझ्या मेव्हण्याने? तो तर मी हात हलवला तरी मान खाली घालून गाडीत बसतो. मला वाटलं त्याला आम्ही आवडत नाही."

मी म्हटलं, ते सगळ्यांशी तसेच असतात.

मग ते कडक झाले. "दोष तांदळाचा नाही. बाण ठेवायच्या आधी पन्हळीवरून बोट फिरवायचं, दर वेळी. मंगळवारी पुसली होती हे शुक्रवारी चालत नाही. कोणाचा दोष?"

"माझा."

"गुरुवारी ये. ताटली तीच."

११ ऑक्टोबर, गुरुवार

बोट फिरवलं. खुणा बघितल्या. तीन.

तिसरा अगदी कडेला, पण ताटलीत. अर्लकाकांनी ती ताटली गाठीवरून काढून माझ्या हातात दिली आणि पाठीवर एक जोरात थाप मारली. शनिवारी पहाटे साडेचार.

ताटली घरी आणून गॅरेजमध्ये फळीवर उभी केली. मुद्दाम, दाजी गाडी लावतात तिथून समोर दिसेल अशी.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार, संध्याकाळ

दाजी गाडी लावून आले. ताटलीसमोर उभे राहिले. कडेच्या भोकात बोट घातलं.

"उद्या किती वाजता?"

साडेचार म्हणालो. मला वाटलं, गॅरेजच्या दिव्याबद्दल सांगतील.

"अर्लला विचारशील का, मी आलो तर? मी नुसता बसेन. बोलणार नाही काही." मग ताटली फळीवर परत ठेवत, माझ्याकडे न बघता, "बारा वर्षं झाली इथे. शेजाऱ्यांपैकी कोणी कुठे बोलावलं नाही रे."

मी तसाच, चपला न घालता, अर्लकाकांच्या दारात गेलो. ते एवढंच म्हणाले, "बूट आहेत का त्याच्याकडे?"

नाहीत. माझे जुने दिले, आत दोन मोजे घालायला सांगितले. निघायला अजून आठ तास आहेत आणि दाजी बूट घालून जिन्यात बसले आहेत.