टाळूतली जाळी

४ जून
असले कान कुणाला नकोत! स्पीच थेरपीच्या बाई आज त्या चार वर्षांच्या पोराला घेऊन आल्या – फाटलेली टाळू शिवताना मी आत बसवतो त्या जाळीचा पहिला पेशंट. टॉर्च मारून पाहिलं. टाळू अशी जुळलीय की जन्मतः फाटलेली होती हे सांगूनही कुणाला पटू नये. मग पोरगा ‘पाटी, पोपट’ म्हणाला आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. ‘प’ नाकातून निसटतोय. बाईंनी नाकाखाली आरसा धरला – धुरकटला.
बाप मात्र खूश. ट्रक चालवतो. “डॉक्टरसाहेब, आधी दूध नाकातून यायचं, आता घटाघटा पितो. आवाजाचं काय घेऊन बसलात? मी तरी कुठे गोड बोलतो!”
मीही हसलो.

५ जून
एका पोरावरून काही ठरत नाही.

९ जून
बाईंना म्हटलं, जाळीवाल्या आणि बिनजाळीच्या सगळ्या पोरांचे रेकॉर्ड केलेले आवाज मिसळून लावा. कोण कुठलं ते सांगू नका.
कॉलेजची फी मी रेडिओ दुरुस्त करून भरली. खरखर कुठली, ते खोका न उघडता सांगायचो. आज तसाच डोळे मिटून बसलो. गळका आवाज आला की बोट वर.
शेवटी बाईंनी पडताळून पाहिलं. बोट वर केलेली जवळजवळ सगळी माझीच – जाळीवाली!
कारणही किती साधं. जाळीमुळे जखम झटपट भरते, टाके उसवत नाहीत – याच्यावर तर परिषदांमधून पाठ थोपटून घेतली. पण असा घाईने भरलेला व्रण ताठ होतो. बोलताना टाळूचा मागचा भाग उचलला जाऊन नाकाची वाट बंद व्हायला हवी. ताठलेला तो उचलला जाणार कसा?
बाई चाचरत म्हणाल्या, “सर, मुलं थोडीच आहेत. अजून वाट बघू या ना.”
बघितली असती. पण पंचवीस तारखेला माझ्या नातीचं ऑपरेशन आहे. तशीच टाळू. तीच जाळी ठरलेली.

११ जून
लेकीला सांगितलं, बाळाला जाळी नको. ती बाळाला पाजत होती – घोटभर आत, घोटभर दुपट्यावर.
“बाबा, जन्मल्यापासून हे असं चाललंय. टाके उसवले तर पुन्हा हेच! जाळीत एकाचेही उसवले नाहीत, असं तुम्हीच सांगत होतात ना? जेवताना, फोनवर – माझ्या लग्नातसुद्धा!”
“अगं, आवाजात दोष राहतोय.”
“नक्की?”
“कानाला जाणवतोय.”
“कानाला!” तिने ओलं दुपटं बदललं.
बायको इतका वेळ भांडी लावत होती. वळून म्हणाली, “अहो, घरच्या पोरीला नको, तर उद्या दुसऱ्यांच्या पोरांना कुठल्या तोंडाने लावणार?”
ही बाई वकील व्हायची राहिली.

१२ जून
संशोधन समितीला कळवलं. जाळी बंद – सगळ्यांसाठीच.
मग एकेका आईबापाला फोन. ट्रकवाल्याने गाडी कडेला घेतली. मग म्हणाला, “साहेब, शाळेत चिडवतील का हो त्याला?”
“चिडवतील. पण आणखी एक ऑपरेशन करून बरंच सुधारता येईल.”
“आणखी एक,” एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

२५ जून
घरच्यांवर आपण हात चालवायचा नाही, हा नियम शहाण्या माणसाने केलाय. ऑपरेशन माझ्या डावखुऱ्या विद्यार्थ्याने केलं – हात माझ्यापेक्षा सफाईदार. जुनीच पद्धत, बिनजाळीची. बाहेर येऊन म्हणतो कसा, “सर, काम झकास झालं. तेवढ्या तुमच्या दाराबाहेरच्या येरझाऱ्या थांबवा, नर्स वैतागल्यात.” गधडा!
जरा हसलो. लेक नाही हसली.

३ जुलै
नातीचे टाके उसवले. टाळूला मधोमध भोक.
संध्याकाळी नात माझ्या हातात होती. लेकीने शांतपणे विचारलं, “जाळी असती तर टिकले असते?”
“टिकले असते,” म्हणालो.
तिने बाळ माझ्या हातातून काढून घेतलं.