सारसाच्या फोटोला हार

बाबा, तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. मी जिल्हाभर कुठल्या ना कुठल्या मंचावर असायची, पण संध्याकाळच्या एसटीनं लाखनीला परत यायची, आणि तुम्ही स्टुडिओतच असायचात. डार्करूमच्या बंद दाराआडून तुम्ही बोलायचात, मी बाहेर स्टुलावर बसून ऐकायची. हायवेवरून ट्रक गेला की फोटो मोठा करायचा एन्लार्जर थरथरायचा, म्हणून तुम्ही शब्द अर्धा सोडून थांबायचात, ट्रक लांब जाऊ द्यायचात आणि मग कागदावर उजेड सोडायचात. अजूनही जवळून ट्रक गेला की माझं वाक्य मध्येच थांबतं. सभेतल्या लोकांना वाटतं, बाई मुद्दाम थांबल्या.

तुमचा धंदा माणसांना न हलता बसवण्याचा. लग्नातली नवरी, शाळेचा वर्ग, नोकरीच्या अर्जासाठी केस ओले करून आलेला तरुण. हलू नका, श्वास रोखा. आणि मयत. मयताच्या घरून बोलावणं आलं की तुम्ही ताटावरून उठायचात, कारण त्या घरात बहुतेक वेळा त्या माणसाचा तो पहिला आणि शेवटचा फोटो असायचा. घरातली माणसं मयताला भिंतीला टेकवून बसवायची, शेजारी लेकरं उभी करायची. त्या एकाच गिऱ्हाइकाला हलू नका म्हणावं लागत नाही, असं तुम्ही एकदा म्हणालात. मी हसले, तुम्ही हसला नाहीत. त्यामुळेच असेल, ऐंशी साल उलटल्यावर तुम्हाला उडणाऱ्या पाखरांचं वेड लागलं. झाडावर बसलेलं, पाण्यात उभं असलेलं पाखरू तुम्हाला नकोच होतं.

नागपूरहून तुम्ही कोणाची तरी वापरलेली लांब लेन्स आणलीत आणि तिच्यासोबत तो बोटभर लांबीचा टेलिकन्व्हर्टर. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये तो बसवला की दूरचं दुप्पट जवळ यायचं, पण डोळा लावला की आत दिवस मावळल्यासारखं दिसायचं. साकोलीच्या रस्त्यावरच्या तलावावर, थंडीतल्या धुक्यात, मी पहिल्यांदा त्यातून पाहिलं आणि विचारलं, इतका अंधार काहून? "दूरचं जवळ आणाचं असन तं उजेड द्या लागते, बेटा," तुम्ही म्हणालात. उजेड कमी, म्हणून शटर हळू, आणि शटर हळू असलं की पंख पुसल्यासारखे येतात. बगळे, बदकं सगळी तशीच आली, रोलच्या रोल वाया गेले. सारस मात्र जड पाखरू. उडायच्या आधी वाऱ्याच्या तोंडावर धावतं, आणि उडालं तरी पंख सावकाश हलवतं. तुम्ही माझे खांदे धरून मला कमरेतून वळायला शिकवलंत. पाखराच्या मागं जाऊ नको, थोडी पुढंच राह्य, आणि बटण दाबल्यावर थांबू नको. मी तलावाच्या बांधावर उभी आहे, गार लेन्स गालाला लागली आहे, आणि तुम्ही पाठीमागून हळूच म्हणताय, आता धावतीन पाह्य.

सारसांचा तो फोटो तुम्हीच काढलात. जोडी पाण्यावरून उठलेली, माना सरळ, पाय मागे, आणि पंखांची टोकं जराशी हललेली. ती टोकं पाहून मी हळहळले, तुम्ही खूश झालात. खिडकीएवढा मोठा केलात तो.

त्याच वर्षी तलावाकाठच्या गावानं ठरवलं की तलावाचा वरचा उथळ कोपरा फोडून धानाच्या बांध्या करायच्या आणि भूमिहीनांना द्यायच्या. सारस पावसाळ्यात घरटं करायचे तो हाच कोपरा. मी सभा बोलावली. तेव्हा मला वाटायचं की नीट बोललेल्या शब्दापुढे काही टिकत नाही. मी सारसांबद्दल ढीगभर वाचलं होतं, आणि वाचलेलं सगळं खरं होतं. शाळेच्या पटांगणात मंचावर खुर्ची मांडली, खुर्चीवर तुमचा फोटो ठेवला. आणि अध्यक्ष म्हणून बसवलेले म्हातारे पाटील रीतीप्रमाणे उठले, फोटोला झेंडूचा हार घातला, उदबत्ती लावली. मंचावर फोटो असला की हार घालायचा, इतकंच त्यांना ठाऊक. पुढच्या रांगेतल्या बायांनी हातही जोडले. आपल्या घरात हार दोनच तसबिरींना चढायचा, आणि दोन्हीतली माणसं जग सोडून गेलेली. तुम्ही भरल्या सभेतून उठून मंचावर आलात आणि हार काढून पाटलांच्या हातात दिलात. "हे जित्ते हायेत अजून," एवढंच बोललात. मागून कोणीतरी विचारलं, फोटोग्राफर साहेब, मंग तेरवीचं जेवण नाही का? पटांगण हसलं. पाटील बिचारे हार कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहत राहिले.

मग मी बोलले. तासभर बोलले असेन, आणि चांगलं बोलले. संपल्यावर एक बाई उभी राहिली. दुसऱ्यांच्या शेतात धानाच्या रोवणीला जाणारी, डोक्यावरचा पदर दातात धरून बोलणारी. आपले मोर्चे निघायचे तेव्हा याच बाया माझ्यामागून जमीन मागत चालायच्या. ती म्हणाली, "बाई, तुमच्या पाखरायले पंख हायेत, ते कुठी बी जातीन. आमी कुठी जाऊ?"

उत्तर सुचलं ते परतीच्या एसटीत. तलावाची चांगली, काळ्या मातीची बाजू आधीच पाटलांसारख्या मोठ्यांनी शेताचा एकेक धुरा सरकवत गिळली होती. उरलेल्या चिखलासाठी एका भूमिहीन बाईला आणि एका पाखराला समोरासमोर उभं केलं होतं, आणि मी पाखराच्या बाजूनं वकिली करत होते. हे त्या पाटलांच्या तोंडावर म्हणायला हवं होतं. मी तावातावानं तुम्हाला सगळं सांगितलं. फोटो मांडीवर उभा धरून तुम्ही ऐकत होतात. शहाण्यासारखं बोलून राहिली, म्हणालात. मग खिडकीबाहेर पाहत म्हणालात, "तू बोलत होती तवा मी लोकायकडं पाहून राहिलो होतो. समदे फोटोले बसल्यावानी बसले होते." त्यानंतर माझ्यावर पुष्कळ टीका झाली, छापूनही आली. इतकी खोल एकही गेली नाही.

कोपरा फोडला. पुढच्या पावसाळ्यात जोडी आली, रोवलेल्या धानावरून ओरडत घिरट्या घातल्या, उतरली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आलीच नाही. पंख असलेले कुठेही जातात हे त्या बाईचं म्हणणं खरं ठरलं असेल, अशी आशा मी काही वर्षं धरली. भेटेल त्या तलावावरच्या माणसांना विचारलं. मग विचारणं सोडलं. तुम्ही मात्र थंडीत सायकलला लेन्स बांधून जातच राहिलात. एका सकाळी मी सोबत आले. तुम्ही लेन्स उचललीत आणि कमरेतून वळत गेलात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सारसाच्या त्या सावकाश वेगानं. आभाळात काहीच नव्हतं. बटण दाबलं नाहीत. काय करून राहिले बाबा, मी विचारलं. "हात इसरला नाही पाह्यजे," तुम्ही म्हणालात, आणि पुन्हा पहिल्या टोकाला लेन्स नेलीत.

पुढची थंडी तुम्ही पाहिली नाही. तुमच्या शोकसभेत मी बोलले. स्वाभिमानावर बोलले, तुम्ही कोणापुढे मान वाकवली नाही त्यावर बोलले. लोक रडले. सारसांचं नाव काढलं नाही, कारण काढलं असतं तर पुढे काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं, आणि आजही नाही. त्या कोपऱ्यात धान चांगला होतो म्हणतात. त्या बाईच्या चुलीवर स्वतःच्या बांधीतला भात शिजतो, तिला मी चूक म्हणणार नाही. तुम्हालाही म्हणणार नाही. एवढी वर्षं बोलून मला दोघांना पुरेल असं एक वाक्य सापडलं नाही.

हे कागद कुणाला द्यायचे नाहीत, म्हणून लिहून टाकते. साकोलीला सभा असली की जाताना मी एसटीत डावीकडे बसते आणि येताना उजवीकडे, म्हणजे तलाव पलीकडच्या खिडकीत राहतो. कंडक्टर ओळखीचा आहे. त्याला वाटतं, मला ऊन सोसत नाही. मी त्याला तसंच वाटू दिलं आहे.