पालथी ताटं

शिकागो, ८ मार्च १९३२

आई,

आम्ही दोघी सुखरूप आहोत आणि थीराताईचा खोकला कमी झालाय, निदान ती तसं म्हणते. तुझे गुडघे कसे आहेत? कोंबड्यांचं कोण बघतं?

आपल्या माळावरच्या दिवसांवर ताईनं मुलांसाठी लिहिलंय ना, त्या पुस्तकाच्या प्रकाशकांनी काल जेवण दिलं. बसल्याबरोबर ताईनं समोरचं ताट पालथं घातलं. आणि मीसुद्धा! मातीचं घर सोडून लाकडी घर होऊन तीस वर्षं झाली, तरी हाताची सवय जात नाही. मी लाजेनं अर्धी झाले.

"ताट आवडलं नाही का?" संपादकबाईंनी विचारलं. याच बाई सकाळी म्हणत होत्या, मातीच्या घराचं प्रकरण पुस्तकातून काढून टाका, मुलांना एवढं दारिद्र्य नको.

ताई हसली. "अहो, आमचं छप्पर मातीचं. वाढेपर्यंत ताट पालथं ठेवायचं, नाहीतर बटाट्याबरोबर गांडूळही खावं लागायचं! आणि आई रोज एका ताटाखाली वाळलेलं आलुबुखार लपवायची. कुणाला मिळतं या नादात छपराकडे बघायचं राहूनच जायचं."

बाई मग म्हणाल्या, "प्रकरण पुस्तकात राहू दे." धन्य आहे बाई आपल्या ताईची!

परतताना मात्र ट्राममध्ये ती एकदम म्हणाली, "सिग्ने, आईच्या ताटाखाली कधी आलुबुखार निघालं होतं का गं?"

मला एकदाही आठवेना.

सोबत एक पुडी आहे. आत्ता उघडू नकोस. ताटाखाली ठेव आणि मग जेवायला बस.

तुझी धाकटी,
सिग्ने