हर्नियाला दही-साखर

गौलीगुडा, हैदराबाद

तीर्थस्वरूप अक्का,

पाय पुढे कर, इथूनच डोकं ठेवते. आमचं सगळं ठीक. तुझ्या पित्ताशयात खडे निघाले आणि येत्या गुरुवारी नांदेडला ऑपरेशन ठरलं, हे सुधीरनं कळवलं. (पोरगा तुझाच, पण खरं बोलतो.) त्यानं हेही सांगितलं, की काही खायचं-प्यायचं नाही म्हटल्यावर तू म्हणालीस, चहा म्हणजे काय जेवण आहे होय, घोटभर घेईन गुपचूप, कुणाला कळतंय! फोनवर समजावलं असतं, पण फोनवर तू "बरं बरं" म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. आता खाली बैस आणि ह्यांच्या हर्नियापायी आमच्या घरात काय तमाशा झाला तो शेवटपर्यंत वाच.

दवाखान्यातून निरोप आला, सकाळी उपाशीपोटी घेऊन या. एवढंच. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मला आपलं वाटायचं, टेबल घाण होऊ नये म्हणून दवाखान्याचे हे चोचले. सूनबाई राणीचं मत, उद्या उपाशी राहायचंय तर आजच दुप्पट भरून ठेवा. तिनं रात्री पुरणपोळ्या केल्या. शेजारच्या बिल्कीसआपांना बातमी लागली, तर त्या दारातूनच ओरडल्या, "अय्यो, खाली पेट भेजरैं क्या जी, चक्कर आ जाती ना!" आणि पावाचा तो तुपाळ, गोड डबल का मीठा देऊन गेल्या. ह्यांनी कुणाचंच मन मोडलं नाही. (आमचे दत्तोबा तसे फार भिडस्त. लिहिताना नाव घेतलेलं चालतं.)

सकाळी निघायची वेळ झाली. आता तूच सांग, आपल्या घरातून माणूस साध्या परीक्षेला निघाला तरी आईनं हातावर दही-साखर ठेवल्याशिवाय कधी उंबरा ओलांडू दिला का? आणि इथे तर पोट फाडायचं होतं. मी चमचाभर ठेवलं. ह्यांनी ते चाटून असं केविलवाणं पाहिलं की मी म्हटलं, शकुनच आहे, जरा जास्त झाला तर बिघडतं कुठे? वाटी पुढे केली. चाटूनपुसून साफ!

दवाखान्यात ह्यांना हिरवा झगा घातला. भुलीच्या डॉक्टरीणबाई आल्या, वय आपल्या सुधीरएवढं. काही खाल्लं का विचारल्यावर हे छातीवर हात ठेवून म्हणाले, कुछ नै, मॅडम. पण मिशीला दही! बाईंनी मिशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मीही ठणकावून सांगितलं, की ते खाणं नव्हे, शकुन आहे. झालं, ऑपरेशन रद्द. मी चांगली भांडले गं. दोन बोटं दह्यासाठी माणूस परत पाठवता का, म्हणून तिथे सगळ्यांदेखत आवाज चढवला.

बाई काही चिडल्या नाहीत. मला बाकावर बसवलं आणि सांगितलं, की भूल दिली की माणसाचा घसाही झोपतो. पोटातलं वर आलं तर खोकून बाहेर टाकायची शुद्ध नसते, ते सरळ फुप्फुसात उतरतं. त्यानं माणूस दगावतोसुद्धा. दही काय, दुधाचा चहा काय, पोटाला सगळं सारखंच. अक्का, विचार कर. ज्यानं सुखरूप परत यावं म्हणून वाटी दिली, त्यालाच मी माझ्या हातानं घालवलं असतं! मी तिथेच रडायला लागले. आणि हे? निर्दोष सुटल्यासारखे बाहेर आले आणि नामपल्लीच्या इराण्याकडे बसून चहात उस्मानिया बिस्किटं बुडवू लागले.

ऑपरेशनची पुढची तारीख मिळाली, तेव्हा मी पहारा बसवला. राणीनं स्वयंपाकघराला कुलूप लावलं, बिल्कीसआपांना मी आधीच समजावून आले. बीपीची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारून, सांगितलं तेवढ्याच पाण्यावर दिली. पण दही-साखरेचं काय? न देता मन ऐकेना. मग विचार केला, खरं काम कोण करणार आहे? सरळ डबी घेऊन गेले आणि ऑपरेशनच्या डॉक्टरांच्या तळहातावर ठेवलं. डॉक्टर तेलुगू, पण ते हसले, खाल्लं आणि पुन्हा हात धुवायला गेले. ऑपरेशन झकास झालं. हे आता जिना चढून गच्चीवर जातात आणि मला खालून हाका मारायला लावतात.

तर अक्का, हा तुझा नेहमीचा उपवास नव्हे. साबुदाणा, भगर, रताळी, राजगिऱ्याचे लाडू, एकादशी आणि दुप्पट खाशी, हे इथे चालायचं नाही. डॉक्टर सांगतील त्या वेळेपासून तोंड बंद. चुकून काही खाल्लंस तर लाजू नकोस, सांगून टाक. तारीख दुसरी मिळते. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल (त्या दिवशी घास हा शब्दही नको) तर पोटात घाल. नाही, पोटातही नको, नुसतं माफ कर.

तुझी धाकटी,
कुसुम

ता. क. : मी बुधवारीच येतेय. चहा-साखरेचे डबे सुधीरला शेजारी ठेवून यायला सांगितलेत. शोधू नकोस.

आणखी एक ता. क. : वर एवढं शहाणपण लिहिलं, पण मला भीती वाटतेय गं. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तूच. तू माझं ऐकणारी नाहीस, हेही ठाऊक आहे. म्हणून मी ठरवलंय, तू कोरडी तर मीही कोरडी. शुद्धीवर येऊन मला "कुसमे" म्हणेपर्यंत मी चहाचा थेंब तोंडात घालणार नाही. आणि चहाशिवाय माझं डोकं कसं ठणकतं ते तुला माहीत आहे. तेव्हा उठायला फार वेळ लावू नकोस.